आश्रुबातात्या आणि शेऱ्याचा रकाना

आश्रुबातात्या चावी कानाला लावून पाणी ऐकायचे. चावी म्हणजे कुलपाची नव्हे; छातीइतक्या उंचीची लोखंडी सळई, खाली चौकोनी तोंड, वर धरायला आडवा दांडा. ती रस्त्यातल्या चेंबरमध्ये उतरवायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची, दांड्याला कान टेकून डोळे मिटायचे आणि मोकळ्या हाताने आजूबाजूच्या सगळ्यांना गप्प राहण्याची खूण करायची. ट्रॅक्टरवाले ऐकायचे नाहीत, शेळ्या ऐकायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, भर बाजारतळावर, वाकलेले आणि डोळे मिटलेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"काका, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

त्यांनी एक डोळा उघडला. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र, हातातला टॅब, पायातले पांढरे बूट असं वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "मला बेस हाय. ह्या व्हॉल्व्हला बरं वाटंना."

मी तेव्हा नकाशे करणाऱ्या एका कंपनीत नवी लागले होते. बीडला डिप्लोमा, पुण्यात दोन महिन्यांचं ट्रेनिंग, आणि तेवढ्या जोरावर जगातली कुठलीही पाइपलाइन आपल्याला कळते अशी पक्की समजूत. पाटोद्याच्या बाजूचं हे छोटं गाव. नाव सांगत नाही. गाव अजून आहे आणि तिथले लोक वाचतात. तिथे नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. त्यावर उपाय म्हणून वरच्या पातळीवर बराच विचार झाला आणि शेवटी नकाशा करायचं ठरलं. पाणी वाढणार नव्हतं. ते कुठून येत नाही, हे मात्र आता संगणकावर रंगीत दिसणार होतं.

तिथल्या नगरपंचायतीचे मोठे साहेब या कल्पनेवर फिदा होते. "एका क्लिकवर" हे त्यांचे आवडते शब्द. गळती एका क्लिकवर, तक्रार एका क्लिकवर, अहवाल एका क्लिकवर. केबिनमधला पंखा लावायला मात्र ते घंटी वाजवून शिपायाला बोलवायचे. पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं की नकाशावर ट्रेस सुरू झाला की चावीवाल्याची गरज उरणार नाही. टॅब पाहून कुणीही व्हॉल्व्ह फिरवू शकेल. तात्या त्या वेळी दाराशी उभे होते. अठ्ठावीस वर्षं ते या गावाला पाणी सोडत होते, रोजंदारीवर. कायम करण्याचा विचार चालू आहे, असं त्यांना पहिल्या वर्षापासून सांगण्यात येत होतं, आणि विचार अर्थातच अजून चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तात्या सायकलला चावी बांधून माझ्या खोलीसमोर हजर. "चला मॅडम. दाखवतो समदं."

मला अवघडल्यासारखं झालं. "तात्या, काल ऐकलंत ना? हे पुरं झालं की तुमचं काम..."

"मालूम हाय की. बहिरा हाय का म्या?" ते म्हणाले. "गेल्या साली म्या नारायणगडाला गेलतो. वर्सातनं येकच सुट्टी घेतो म्या. अन त्याच दिवशी इकडं पाइप फुटला. दोन दिवस कुणाला व्हॉल्व्ह गावंना, अन समदं गाव माझ्या नावानं बोंबललं. ही काय इज्जत झाली का? पाणी कुटून कुटं जातंय ही काय माझ्या बापाची इस्टेट न्हाई दडवून ठिवायला."

अशा रीतीने ज्या कामामुळे आपलं काम जाणार, त्या कामाला तात्या रोज वेळेवर यायचे. मी उशिरा यायचे.

चहाच्या टपरीवर मी त्यांना ट्रेस म्हणजे काय ते समजावलं. नकाशावर एखाद्या नळावर बोट ठेवायचं, की टाकीपासून तिथपर्यंत पाणी ज्या वाटेने आलं ती सगळी वाट लाल होते. पाइप फुटला तर फुटल्या जागी बोट ठेवायचं, की कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे ते उजळतात. फक्त त्याला आधी नीट शिकवावं लागतं: सुरुवात कुठून करायची, प्रवाहाच्या दिशेने जायचं की उलट, आणि काय आडवं आलं म्हणजे थांबायचं. मी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं मान हलवत हलवत सांगितलं.

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "म्हंजी म्या करतो तेच. फकस्त मला चार्जिंग लागत न्हाई."

"चहा लागतो."

"त्यो तुमाला बी लागतोय की."

गावात एकशे बेचाळीस व्हॉल्व्ह निघाले. कार्यालयाच्या वहीत सत्तर होते. उरलेले तात्यांच्या डोक्यात होते, आणि त्या डोक्यात त्यांना नंबर नव्हते, नावं होती. एक 'म्हातारा', एक 'बोंबल्या', शाळेमागचा 'मास्तर', कारण तो घंटेच्या वेळीच गळायचा. मी प्रत्येकाला नंबर द्यायचे, व्यास टाकायचे आणि मग सॉफ्टवेअर विचारायचं: उघडा की बंद? दोनच पर्याय. तिसरं काही असू शकतं, हे ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्याकडे बहुधा रोज पाणी येत असावं.

"हा उघडा की बंद, तात्या?"

"सव्वातीन आटे."

आटा म्हणजे चावीचा एक पूर्ण फेरा. तात्यांचं सगळं गाव या फेऱ्यांवर चालायचं. वरच्या आळीला सव्वातीन, खालच्या आळीला पावणेदोन. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत सगळीकडे अर्धा जास्त. एखाद्या घरी लग्न असलं तर त्या गल्लीला एक जास्त आणि शेजारच्या गल्लीला पाव कमी, "तेवढं शेजाऱ्यानं सोसायला पायजे." गावाच्या कडेच्या वस्तीचा व्हॉल्व्ह दिवाळीनंतर दोन आटे कमी व्हायचा, कारण निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यांकडे गेलेली असायची. माणसं परतली की आधी तात्यांना कळायचं आणि व्हॉल्व्ह पुन्हा दोन आट्यांनी उघडायचा.

"तुमच्या ह्या टॅबला कळतंय का, कोण ऊस तोडाया गेलंय अन कोण घरी हाय ते?" त्यांनी मला विचारलं.

टॅबला कळत नव्हतं. मी सगळ्या व्हॉल्व्हसमोर 'उघडा' असं टाकलं आणि तात्या जे जे बोलायचे ते शेवटच्या 'शेरा' नावाच्या रकान्यात लिहीत गेले. खरं सांगायचं तर निम्मं मी गंमत म्हणून लिहिलं. संध्याकाळी मैत्रिणींना वाचून दाखवायला बरं पडायचं.

ट्रेसची पहिली चाचणी मी गावातल्या मोठ्या पुढाऱ्यांच्या बंगल्यापासून घेतली. पुढाऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांच्या नळावर बोट ठेवलं आणि लाल रेघ निघाली ती कुठल्याही गल्लीत न शिरता, कुठल्याही व्हॉल्व्हशी न अडखळता थेट टाकीच्या मुख्य पाइपला जाऊन भिडली. गावाला आठवड्यातून एकदा आणि अप्पांना चोवीस तास. मी मोठ्या उत्साहाने साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तंत्रज्ञान फार पुढे गेलंय. हा भाग सध्या कच्च्या नकाशातच राहू द्या."

मी तात्यांना सांगितलं तर ते खो खो हसले. "आगं, ती लाइन म्याच टाकली. मला इचारलं असतं तर इतकी बॅटरी काहून जाळायची?" त्या दिवसापासून ते मला मॅडमऐवजी अगं-तुगं करायला लागले.

बाजारतळाच्या कोपऱ्यावर एक जुना बिडाचा व्हॉल्व्ह होता. माझ्या नकाशावर सदतीस नंबर. तात्या त्याला 'रुसका' म्हणायचे. पहिल्या दिवशी ते कान लावून ऐकत होते तो हाच. "ह्याचं ध्यान ठेव," त्यांनी बजावलं. "ह्याचे आटे उलटे हायेत. समद्या दुनियेचे व्हॉल्व्ह उजवीकडं फिरवले की बंद व्हतेत, ह्यो उघडतोय. कुणी भंगारातनं आणून बसवला काय की. ह्याला बंद करायचं तर डावीकडं, साडेसात आटे. लिव."

मी लिहिलं: 'रुसका. आटे उलटे. बंद करण्यासाठी डावीकडे साडेसात.' शेऱ्याच्या रकान्यात. तात्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वाचता त्यांना जेमतेम यायचं, पण लिहिलंय एवढी खात्री करून घेतली.

काम संपत आलं तसा प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. जिल्ह्यातून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. "हे काय? रुसका, बोंबल्या, म्हातारा? पाहुण्यांसमोर हे बरं दिसतं का? हा रकाना काढा."

"काढायला नको सर, लपवता येतो," मी म्हटलं आणि एका क्लिकवर रकाना लपवला. पडदा कसा स्वच्छ दिसायला लागला. साहेब खूश झाले. मीही झाले, माझं कंत्राट त्याच महिन्यात वाढायचं होतं. तात्यांना मात्र कार्यक्रमाच्या दिवशी चावी घेऊन हॉलच्या आसपास फिरू नका असं सांगण्यात आलं. पहिल्या तारखेपासून काम बंद, हेही त्यातच सांगून टाकलं, म्हणजे दोन निरोपांना दोन माणसं पाठवायला नकोत.

बाजारतळाजवळ खरोखरच एक पाइप गळत होता. त्याचीच दुरुस्ती सगळ्यांसमोर करून दाखवायची असं ठरलं. खड्डा खणून तयार, खड्ड्यात एक फिटर तयार. हॉलमध्ये हार झाले, नारळ झाला, भाषणं झाली. मग मी गळतीच्या जागी बोट ठेवलं. तीन व्हॉल्व्ह उजळले. बाहेर ठेकेदाराची दोन माणसं टॅब घेऊन निघाली. त्यांनी एक व्हॉल्व्ह बंद केला, टॅबवर खूण केली, हॉलमधल्या पडद्यावर एक ठिपका हिरवा झाला. दुसरा हिरवा झाला. तिसरा हिरवा झाला. पडद्यावर पाणी पूर्ण बंद झालं आणि टाळ्या वाजल्या.

तिसरा रुसका होता.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. त्यांनी चावी उजवीकडे फिरवली आणि बंद झाल्याची खूण केली. पाणी वाढलं. पाणी वाढतंय म्हणजे व्हॉल्व्ह पुरता बसला नाही, असं समजून त्यांनी आणखी जोर लावला. दोघांनी मिळून लावला. खड्ड्यातला फिटर कमरेइतक्या पाण्यात गेला, मग छातीइतक्या, आणि खड्ड्याची एक कड त्याच्या हातावर ढासळली. तात्या समोरच्या हॉटेलात चावी मांडीवर घेऊन बसले होते. ते धावत आले ते ओरडतच.

"काय करतो बे! सोड ते! उघडायलास तू!"

"तात्या, टॅबवर तर बंद दिसतोय," त्यातला एक जण म्हणाला.

"मंग टॅबमधल्या माणसाला तू काढ. ह्या इथल्याला म्या काढतो."

डावीकडे साडेसात आटे. पाणी थांबलं. फिटर वाचला, त्याचा हात मोडला होता. तीन गल्ल्यांचं आठ दिवसांचं पाणी ओढ्याला गेलं. मी हॉलमधून धावत बाहेर आले तेव्हा तात्या चिखलात बसून फिटरचं डोकं स्वतःच्या टॉवेलने पुसत होते.

इतकी शोभा झाल्यावर चौकशी होणं ओघानेच आलं. चार दिवसांनी केबिनमध्ये साहेब, दोन सदस्य, मी माझ्या लॅपटॉपसह आणि दाराशी तात्या. सदस्यांच्यात आधीच कुजबुज सुरू होती की तात्यांना काढू नका, हा माणूस लागतो. तात्यांनी माहिती दिली होती एवढं सिद्ध झालं असतं तर त्यांना ठेवावंच लागलं असतं. आणि ते सिद्ध करणारा रकाना माझ्यासमोर होता, लपवलेला. साहेबांनी टिपण वाचलं: काम जाणार या भावनेने स्थानिक कर्मचाऱ्याने महत्त्वाची माहिती दडवली असावी. मग त्यांनी वर पाहिलं. "आश्रुबा, या व्हॉल्व्हचे आटे उलटे आहेत हे तुम्ही सांगितलं होतं का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

"याद न्हाई साहेब," तात्या म्हणाले.

ज्या माणसाला एकशे बेचाळीस व्हॉल्व्हचे आटे सणावारांसकट पाठ होते, त्याला याद नव्हती. साहेबांनी ते तत्परतेने लिहून घेतलं.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. ते लिंबाखाली सायकल लावून तंबाखू मळत होते. "असं का म्हणालात तात्या?"

"मंग काय म्हणू? म्या सांगितलं म्हणलो असतो, तर म्हातारा खोटं बोलतोय म्हणले असते. माझ्याकडं काय लिवलेलं हाय? लिवलेलं तुझ्याकडं हाय."

"मी आत जाऊन सांगते."

"सांग की," तात्या म्हणाले.

ते तंबाखू मळत राहिले. एरवी दोन मिनिटांत व्हायची ती तंबाखू त्या दिवशी फार वेळ चालली. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी तिथेच उभी राहिले. माझ्या मनात कंत्राट होतं, साहेबांची सही होती, घरी सांगितलेली पगाराची बातमी होती. शेवटी त्यांनी चिमूट तोंडात टाकली, हात झटकले, चावी सायकलला बांधली आणि निघून गेले. मला लाज वाटली. ती अजूनही वाटते, पण त्या दिवशी तिचा कुणाला काहीच उपयोग झाला नाही.

तात्यांचं काम पहिल्या तारखेला बंद झालं, माझं कंत्राट वाढलं. मी दुसऱ्या गावाचे पाइप नकाशावर काढायला घेतले. तीन महिन्यांनी, साहेबांची बदली झाल्यावर, मला अचानक धैर्य आलं. धैर्याला असा सोयीचा मुहूर्त लागतो. मी रकाना उघडला, त्यातली नोंद कोणत्या दिवशी, किती वाजता केली ते दिसेल असा कागद काढला, चूक माझी आहे असं पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' कुठल्या रकान्यात, ते लिहिलं नव्हतं.

ते उत्तर घेऊन मी तात्यांकडे गेले. लिंबागणेशच्या पुढे रस्त्यापासून आत त्यांची वस्ती आहे. ते गोठ्याशी बाजेवर बसले होते. चावी आत कुडाला टेकवून ठेवलेली दिसत होती. काकूंनी पाणी आणलं. मी पत्राचं सगळं सांगितलं, माफी मागितली. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेही जमलं नाही.

तात्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मंग? ह्यानं काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"न्हाई, बरं केलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण फार कौतुकही नव्हतं. "उशीर लई केलास पण."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो चावीसारखाच कानाला दाबून धरला आणि डोळे मिटले. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. कार्यालयातलाच होता. बाजारतळाला पुन्हा गळती लागली होती. माहिती दडवणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला ते माहिती विचारत होते.

"रुसका ना?" तात्या म्हणाले. "डावीकडं. साडेसात आटे. जोर लावू नगंस, गप फिरीव. ह्या महिन्यात तिसऱ्यांदा सांगतोय तुमाला. लिवून ठिवा की रं कुटं तरी." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. तात्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "कुटं लिवायचं? थांब. मॅडम हितंच हायेत, त्यांनाच इचार."

कितीतरी महिन्यांनी ते मला पुन्हा मॅडम म्हणाले होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. "शेऱ्यात नको," मी म्हटलं. "पहिल्याच रकान्यात लिहा. आणि कुणी सांगितलं, त्यांचं नावही लिहा."